खाटेखाली दोन विटा

समोरच्या बांधकामावरून यतीनने मागून आणल्या
दोन विटा,
वॉचमनला वीस रुपये चहापाण्याचे.
खाटेच्या पायथ्याला एकेक सारली
आणि तेव्हापासून माझं जग
जरासं डोक्याकडे उतरतं.

पाचवा महिना. टाका घातलाय.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उठायचं ते बाथरूमपुरतं,
आणि आनंदी राहायचं.
दोन्ही एकाच चिठ्ठीवर, एकाच पेनाने,
लोहाच्या गोळ्यांच्या वर.

खारघर, सेक्टर पस्तीस, सातवा मजला.
खिडकीत अर्धा डोंगर, अर्धी क्रेन.
डोंगर फेब्रुवारीतला, साळिंदराच्या पाठीसारखा.
रात्री त्यावर वणव्याची एक रेघ सरकते,
वारा फिरला की तळोज्याचा वास येतो,
मी नाक दाबून दिवस मोजते.
मोजू नकोस, सासूबाई फोनवर सांगतात,
विचारच करू नकोस.
विहिरीला सांगावं तसं, की पाझरू नकोस.

मागच्या वेळी एकोणीस आठवडे झाले होते.
ते कुणी बोलत नाही.
ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे,
पिवळ्या लोकरी मोज्यांच्या पिशवीत,
आणि पडल्यापडल्या मला नेमका तोच कप्पा दिसतो.

पहिल्या पंधरवड्यात सगळं करून पाहिलं.
श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर.
शब्दकोडी.
पंखा पुसायला झालाय, हे तीनशे वेळा.
फोन उपडा ठेवते, कारण रात्री दोन वाजता तो
परक्या बायकांच्या पोटांच्या गोष्टी सांगतो
आणि सगळ्या वाईट संपतात.

उरली क्रेन.
क्रेनवाला साडेसातला शिडीने चढतो, पाठीला डबा.
दिवसभर खाली येत नाही.
काचेच्या त्या खोक्यात त्याला आडवं होता येत नाही,
मला उभं राहता येत नाही;
आमचं दोघांचं मिळून एक धड माणूस होईल.
एक वाजता तो जेवतो, तेव्हाच मी जेवते.
साडेतीनला तो हात वर करून आळस देतो.
मी झोपूनच देते, टाक्याला सांभाळून.
त्याला यातलं काही ठाऊक नाही.
नसू दे.

सुगंधाबाई ओवे गावाहून येतात, भाकरी थापतात.
परवा खाली बसल्या, पदराने वीट पुसली उगाच.
"माजे टायमाला जात्याची तली होती पायथ्याला."
मग?
"मंग काय. भ्या वाटायचा. रोज.
मी गायीला सांगायचे.
मानसांना काय सांगाचा, ती आपल्यालाच समजवत बसतान."
मी हसले. पोट हललं, दचकले,
मग पुन्हा हसले.

त्या रात्री यतीन बंदरावरून साडेअकराला आला.
बूट काढता काढता विचारलं, बरी आहेस?
नेहमीचं उत्तर जिभेवर तयारच होतं.
म्हटलं, नाही.
मला भीती वाटते. दुपारी चार ते सहा फार.
वाटतं, हेही जाईल, आणि तू पुन्हा
कपाट लावून कामावर जाशील.

त्याने समजावलं नाही.
स्टूल ओढलं, वरची पिशवी काढली,
आणि माझ्याशेजारी, त्या उतारावर,
गणवेशासकट आडवा झाला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"रक्त डोक्यात जातं गं."
"सवय होते."
मोजे आमच्या मधे होते.
एक दुसऱ्यापेक्षा जरा मोठा आहे,
हे मी विसरलेच होते.

आज बावीस आठवडे, दोन दिवस.
मोजतेच आहे.
हल्ली चारला यतीनचा फोन येतो.
बोलायला काही नसतं;
तिकडे कुठलं तरी जहाज लागत असतं,
त्याचा भोंगा ऐकवतो.
समोर क्रेन एक अख्खी भिंत उचलते,
वाऱ्यात ती हलायची थांबेपर्यंत
थांबते,
मग वळते.